पालथी कार्डं

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. खरंच सांगते. कुणाला घाटात पांढरी साडी दिसलेली असते, कुणाच्या माळ्यावर कुणी चालत असतं... मी ते मोठ्याने सलीलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं त्यातल्या चुका काढायचो. आमच्या घरात देव आहेत, पण ते सासूबाईंनी दिलेत म्हणून आहेत. पत्रिका न बघता लग्न केलं. त्यात मी समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय, म्हणजे संदर्भ दिल्याशिवाय 'पुण्यात माणसं राहतात' हेसुद्धा लिहायची सोय नाही. तेव्हा असला अनुभव लिहायला बसताना लाज वाटतेय. पण लाज वाटण्याचं मुख्य कारण ते नाहीच. ते पुढे येईल.

आधी जागा सांगते, कारण इथले वाचक पहिला प्रश्न तोच विचारतात. कोथरूड. मुख्य रस्त्यापासून आत, चार मजली जुनी सोसायटी, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला कसलाही इतिहास नाही. पूर्वी इथे पेरूची बाग होती म्हणतात, आणि पेरू कुणाला झपाटत नाहीत. दोनपैकी छोटी बेडरूम माझी अभ्यासाची. खिडकीला ग्रिल, ग्रिलच्या आत डासांची जाळी. सलील हिंजवडीला जायला आठलाच निघतो. मी साडेनऊला बाहेर पडते, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, तिथून विद्यापीठातल्या आमच्या विभागात जाते आणि चारपर्यंत घरी येते. मूल नाही, मांजर नाही. कामाच्या मावशी मी घरात असतानाच येऊन जातात. जादा किल्ली फक्त बिबवेवाडीला माझ्या आईकडे आहे, आणि तिला गुडघ्यांमुळे आमचे तीन जिने चढवत नाहीत.

माझा विषय: पुण्याच्या पेठांमध्ये घरगुती खाणावळी चालवणाऱ्या आणि डबे देणाऱ्या बायका. विषय चांगला आहे. नोंदणी होऊन किती वर्षं झाली ते कृपया विचारू नका. दोन मुदतवाढी संपलेल्या, तिसरी शेवटची. या वेळी दुसरं प्रकरण मंजूर झालं नाही तर नोंदणी रद्द, असं छापील पत्र मला आलं होतं. ते मी फ्रिजवर लावलं होतं, प्रेरणा म्हणून. त्याने प्रेरणा काही मिळाली नाही, फ्रिज उघडायचं प्रमाण मात्र वाढलं.

दुसरं प्रकरण म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. सगळे ज्याला लिटरेचर रिव्ह्यू म्हणतात, तो. बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय मोठंसं, आधी कुणी काय काय लिहिलंय ते ओळीने लिहून काढायचं. मलाही तसंच वाटत होतं, तिथेच घोळ झाला. आमच्या गाईड मॅडमचा यासाठी एक हट्ट आहे. कॉम्प्युटर नंतर, आधी हाताने लिहिलेली कार्डं. एक पुस्तक किंवा एक लेख, त्याचं एक कार्ड. पुढच्या बाजूला त्या माणसाने काय विचारलं, कसं शोधलं आणि त्याला काय सापडलं. मागच्या बाजूला त्याने काय विचारलंच नाही. मग सगळी कार्डं जमिनीवर मांडायची. एकमेकांना दुजोरा देणारी शेजारी, भांडणारी समोरासमोर. मांडणी जमली की आढावा आपोआप लिहून होतो, असं मॅडम म्हणतात. माझी मांडणी कधीच जमायची नाही. मी आपली वर्षाच्या क्रमाने लावायची आणि तशीच लिहायची. तिसऱ्यांदा प्रकरण परत देताना मॅडम म्हणाल्या होत्या, "मुग्धा, ही यादी आहे. वाण्याला देतो तशी."

आणि मग प्रणाली.

प्रणाली वाशिमकडची. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, माझ्यामागून चार वर्षांनी आमच्याच मॅडमकडे आलेली. सदाशिव पेठेत एका खोलीत चौघीजणी कॉट घेऊन राहायच्या, त्यातली एक. तिचा विषय माझ्या विषयाच्या शेजारचाच, बाहेरगावाहून पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलींचं राहणं-जेवण. तिची कार्डं एका चपलांच्या खोक्यात असायची. माझ्याकडे चांगला झाकणाचा लाकडी डबा होता, खास कारागिराकडून करून घेतलेला. तिच्या खोक्यातून जे प्रकरण निघालं, ते मॅडमनी बुधवारच्या बैठकीत आम्हा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "याला आढावा म्हणतात," असं म्हणून त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं.

प्रकरण सुंदर होतं, हे मला मान्य करावंच लागेल. वाचणाऱ्याला वाटावं की एका खोलीत वीस-पंचवीस माणसं बसून नीट गप्पा मारताहेत आणि एक खुर्ची रिकामी आहे, जिच्यावर आता प्रणाली बसणार. मला मत्सर वाटला. 'थोडी असूया' वगैरे नाही, चांगला सणसणीत मत्सर. मी पुण्यात जन्मलेली, पुण्यात शिकलेली, माझ्या आजोळच्या चार घरी खाणावळी चाललेल्या, आणि ही मुलगी 'वाचून राहिली, लिहून राहिली' करत माझ्या पुढे निघून जाते! तिच्या बोलण्यातला 'काहून' ऐकला की मला बरं वाटायचं, निदान तिथे तरी मी वरचढ आहे असं. किती हलकट विचार आहे ते कळतंय मला. त्यात ती मनाने चांगली, हा आणखी वेगळा त्रास. मला लागणारे लेख स्वतः शोधून पाठवायची. "ताई, हा तुमच्या कामाचा आहे, पाहा बरं." मी 'थँक्स' लिहून अंगठा पाठवायची आणि दिवसभर धुमसायची.

हिवाळ्यातला गुरुवार होता, दुपारचा एक. विभागातल्या स्कॉलर्स रूममध्ये मी आणि प्रणाली दोघीच. ती कुठल्याशा अर्जावर शिक्का आणायला कार्यालयात गेली. तिचं खोकं टेबलावर उघडं होतं. कुणाच्या खोक्यात हात घालायचा नाही हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम आहे. मी घातला.

सगळ्यात पुढचं कार्ड तिचं नव्हतं. जुनं, तपकिरी पडलेलं, जांभळ्या शाईतलं, बारीक अक्षरातलं. कुठल्यातरी जुन्या बांधीव अंकात कुणीतरी विसरलेलं असणार, तिला सापडलं असेल. त्यावर एका अप्रकाशित पाहणीची नोंद होती. खाणावळ चालवणाऱ्या बायका स्वतः केव्हा जेवतात आणि काय जेवतात, याची कुणीतरी घरोघरी जाऊन चौकशी केली होती, असं त्यात होतं. मी ते पुन्हा वाचलं. हा माझा विषय! इतकी वर्षं मी जी फट शोधत होते, ती या एका कार्डावर होती, आणि सापडलं कुणाला, तर जिला त्याची गरजही नाही तिला.

मला फोटो काढता आला असता. मी तो का काढला नाही, हे सलीलने नंतर विचारलं तेव्हा मी 'सुचलं नाही' म्हणाले. सुचलं होतं. पण फोटो काढला असता तर कार्ड तिच्याकडेही राहिलं असतं. मी ते उचलून पर्समध्ये टाकलं आणि ती यायच्या आत जिना उतरले.

घरी येऊन ते कार्ड माझ्या डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता आले, डबा उघडला, तर कार्डांचा क्रम वेगळा होता.

मला वाटलं, मीच काल घाईत उलटसुलट भरली असणार. पुन्हा वर्षाच्या क्रमाने लावली, रबर लावलं, झाकण बंद केलं. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस असतं. एक वाजता परत आले, तर रबर तसंच, झाकण तसंच, पण आतला क्रम पुन्हा बदललेला. या वेळी मी कार्डं त्याच क्रमाने जमिनीवर मांडली, म्हटलं बघू तरी. आणि मांडता मांडता माझे हात थांबले. तीन कार्डं एकामागून एक होती, जी मी कधीच जवळ ठेवली नव्हती. एक बायकांच्या बिनपगारी कामावरचं, एक विद्यार्थ्यांच्या स्थलांतरावरचं आणि एक घरातल्या चुलीच्या जागेवरचं. शेजारी शेजारी ठेवल्यावर ती चक्क बोलायला लागली. मॅडम जे इतकी वर्षं सांगत होत्या ते हेच, हे मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

मग मी रीतसर तपासलं. संशोधक ना! प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलने आकडा टाकला. निघताना फोनवर फोटो, आल्यावर फोटो. आठवडाभर. मी घरात असताना काहीही होत नसे. घर बंद झालं आणि पुन्हा उघडलं की क्रम वेगळा, आणि दरवेळी आधीपेक्षा शहाणा. नवं कार्ड कधी आलं नाही, एक अक्षर जादा लिहिलेलं सापडलं नाही. फक्त क्रम. शेवटी सलीलला फोटो दाखवले. त्याने दोन्हींतले आकडे ताडून पाहिले, एकदा सोडून दोनदा. मग म्हणाला, "जुना फोन लावून रेकॉर्डिंग करू." मी नको म्हणाले. भीती वाटली म्हणून नाही... पाळत ठेवली आणि ते थांबलं तर, म्हणून.

सोमवारी आणखी एक गोष्ट झाली. अकरा कार्डं पालथी होती. म्हणजे मागची बाजू वर, सगळी एका गठ्ठ्यात, सर्वांत शेवटी. दहा माझी आणि अकरावं ते तपकिरी. ही दहाच का, हे कळायला मला चहाचा अर्धा कप लागला, आणि कळल्यावर उरलेला प्यायला गेला नाही. ती मी मूळ लेख न वाचताच केलेली कार्डं होती. कुणाच्या सारांशावरून, कुणाच्या आढाव्यातून उचललेली. आमच्या व्यवसायात हे पाप सर्रास चालतं. दुसऱ्याने दिलेला संदर्भ, मूळ न बघता, आपणच वाचल्यासारखा ठोकून द्यायचा. कुणाला कळत नाही. माझी ती दहा कोणती, हे मी सलीललाही सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे का ते!

पुढचे तीन आठवडे मी ग्रंथालयात काढले. एकेक मूळ लेख वाचला, कार्ड नव्याने लिहिलं. वाचलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी सरळ झालेलं असायचं आणि मांडणीत आपल्या जागी बसलेलं. दहाच्या दहा सरळ झाली. अकरावं पालथंच राहिलं. मी रोज ते उलटून सरळ ठेवायची, आणि रोज चार वाजता ते पालथं. पण ती पाहणी वाचणार कुठून? कुठल्याच ग्रंथालयाच्या यादीत ती नव्हती. आणि तिच्याशिवाय माझा अख्खा युक्तिवाद उभा राहत नव्हता. ही एकच पाहणी झाली, त्यानंतर कुणी विचारलं नाही, म्हणून मी विचारते, असा माझा पवित्रा होता. मी डोळे मिटून तो संदर्भ लावून टाकला. वाचल्यासारखा.

प्रकरण मॅडमना दिलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मुग्धा, हे तूच लिहिलंयस ना?" असं त्यांनी विचारलं. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही.

याच दिवसांत प्रणालीचं काम बंद पडलं होतं. तिसरं प्रकरण सुरूच होईना. एकदा कँटीनमध्ये म्हणाली, "ताई, खोकं उघडलं की नुसता गोंधळ होऊन राहिला. काही लागतच नाही." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि 'होतं असं, ब्रेक घे' म्हणाले. आतून मला इतकं छान वाटत होतं की मी तिच्या डोशाचे पैसे दिले.

प्रकरण मंजूर होण्याआधी ते समितीपुढे मांडावं लागतं, तो सेमिनार मार्चमध्ये होता, सकाळी अकराला. बाहेरून आलेले तज्ज्ञ सर वयस्कर, मृदू बोलणारे. माझं प्रकरण त्यांना आवडलं होतं, तसं ते दोनदा म्हणाले. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "ही जी अप्रकाशित पाहणी आपण घेतली आहे... मी आयुष्यभर याच विषयात आहे, माझ्या पाहण्यात कधी आली नाही. आपण मूळ प्रत कुठे पाहिलीत?"

"आपल्या ग्रंथालयात, सर. जुन्या बांधीव अंकांमध्ये." माझ्या तोंडून सहज निघून गेलं.

"वा! मला तिची प्रत पाठवा. आठ दिवसांत चालेल."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. त्या मागे वळल्या. "प्रणाली, जुने अंक तू सगळे चाळले होतेस ना? तुला दिसली होती का ही पाहणी?"

प्रणाली दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या वहीकडे. मला कळलं की तिला सगळं माहीत आहे, आणि आता एका वाक्यात माझी नोंदणी, माझी इतकी वर्षं, सगळं संपणार. ती म्हणाली, "मी नीट पाहिलं नसेल, मॅडम."

सेमिनार संपल्यावर ती कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर येऊन माझ्या शेजारी बसली. दोन चहा घेऊन आली होती.

"ताई, ते कार्ड तुमच्याकडे आहे ना?"

"कुठलं?" म्हणून पाहिलं. ती चहा फुंकत राहिली. शेवटी मीच म्हणाले, "हो."

"बरं झालं बाप्पा. मला वाटलं हरवलंच."

"रागाव की मला! चोरलं मी ते."

"ती पाहणी कुठंच नाही, ताई. मी वर्षभर शोधली. पार नागपूरपर्यंत पत्रं टाकली. म्हणून तर मी लावली नाही. आपण पाहिली नाही तर लिहायची कशी?" हे ती मला टोमणा म्हणून म्हणाली नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला त्याची सवय आहे.

"मग सगळ्यात पुढे कशाला ठेवलं होतंस?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "हसाल तुम्ही."

"नाही हसत."

"ते सापडलं ना, तेव्हापासून माझं खोकं आपोआप लागत होतं. मी रूमवरून निघाली की. परत आली की सगळी कार्डं बरोबर. पहिले वाटलं रूमवरच्या पोरी मस्करी करून राहिल्या. पण त्यांना काय कळतं कोणतं कार्ड कुठं जातं ते? एक फार्मसीची, दोघी बँकेच्या परीक्षेच्या. मग मी म्हटलं, राहू दे. चांगलंच तर होऊन राहिलं. तुम्ही नेलं त्या आठवड्यापासून बंद."

मी हसले नाही. मला आधी वाटलं ते हे, की मी वेडी झालेली नाही. आणि लगेच दुसरं — म्हणजे तिचंही प्रकरण तिचं नव्हतं! मॅडमनी वाचून दाखवलेलं, ती रिकामी खुर्ची वगैरे, तिचं नव्हतंच ते! मला असा आनंद झाला की चहा हातावर सांडला. मी तिला माझ्याकडे काय काय घडलं ते सगळं सांगितलं, आणि अगदी मैत्रिणीच्या सुरात विचारलं, "तुझी पालथी किती यायची गं?"

"पालथी?" तिने कप खाली ठेवला. "माझी नाही आली कधी पालथी. पालथी काहून येतील?"

मी तिला कारण सांगितलं नाही. पोट दुखतंय म्हणून उठले आणि रिक्षा करून घरी आले.

त्या दिवशी संध्याकाळी मी तज्ज्ञ सरांना मेल लिहिला. मूळ पाहणी मी पाहिलेली नाही, तिचा उल्लेख एका सुट्या कार्डावर मिळाला, तो तपासल्याशिवाय वापरला, आणि आज सेमिनारमध्ये खोटं सांगितलं. चार ओळी लिहायला दोन तास लागले. तोच मेल मॅडमना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"यादी परवडली असती, मुग्धा," त्या म्हणाल्या. मग माझं प्रकरण माझ्यापुढे सरकवत, "आठ दिवस मिळताहेत. सरांनी मागून घेतलेत तुझ्यासाठी. त्या एका संदर्भाशिवाय प्रकरण उभं राहतं का बघ."

त्याच दुपारी सदाशिव पेठेत प्रणालीच्या खोलीखाली जाऊन कार्ड परत दिलं. तिने ते ओढणीने पुसून घेतलं, जसं काही माझ्याकडे त्याला धूळ लागली असावी. घरी येऊन मी माझी सगळी कार्डं जमिनीवर मांडली. या वेळी पालथी, मीच. मागची बाजू वर — कुणी काय विचारलं नाही, ती बाजू. आणि एकेक वाचत गेले. कुणी भाडं विचारलं होतं, कुणी जात, कुणी किती पोळ्या लाटता ते. ती बाई स्वतः केव्हा जेवते, हे एकानेही विचारलेलं नव्हतं. माझी फट माझ्याच डब्यात होती, माझ्याच अक्षरात. त्यासाठी कुणाचं तपकिरी कार्ड लागत नव्हतं. सात दिवसांत तो भाग पुन्हा लिहिला. प्रकरण सुधारणांसह मंजूर झालं, नोंदणी वाचली. फ्रिजवरचं पत्र सलीलने काढलं.

इथे मी थांबले असते तर गोष्ट शहाणी झाली असती. पण तीन दिवसांनी प्रणाली विभागाच्या दारातच भेटली. नुसतं म्हणाली, "लागलं, ताई." तोंडभर हसत होती. आणि मला पुन्हा तोच मत्सर... कारण माझ्या डब्यातली कार्डं ते तपकिरी कार्ड परत दिल्यापासून मी ठेवेन तशीच राहत होती. रोज चार वाजता चप्पलसुद्धा न काढता मी डबा उघडायची. एक ते चौऱ्याण्णव, सरळ ओळीत, वाण्याच्या यादीसारखी.

प्रणालीचा प्रबंध माझ्याआधी झाला, अर्थातच. तिला अमरावतीजवळच्या एका कॉलेजात नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी ती आमच्या घरी आली, तीन जिने चढून, आणि माझ्या हातात एक पाकीट दिलं. आत ते कार्ड होतं.

"तुम्ही ठेवा ताई. माझं झालं आता. तुमचे दोन प्रकरणं बाकी आहेत ना."

मी नको नको म्हणाले, तेही अगदी दोनदाच. ती गेल्याबरोबर ते डब्यात सगळ्यात पुढे ठेवलं.

काही झालं नाही. आठवडा गेला, महिना गेला. मी आकडे टाकले, फोटो काढले. चोरून आणलं होतं तेव्हा पहिल्याच दिवशी सुरू झालं, आणि रीतसर दिलेलं असताना काहीच नाही! शेवटी तर मी मुद्दाम एका लेखाचा नुसता सारांश वाचून त्याचं कार्ड केलं, म्हटलं निदान हे तरी पालथं होईल. कुणीतरी रागवेल तरी. चार वाजता आले. ते सरळच होतं. मी त्या खोलीत जमिनीवर बसून रडले, हे सलीलला माहीत नाही. आता हे छापून आल्यावर कळेल.

गेल्या महिन्यात प्रणालीला फोन केला. दुपारची वेळ, तीही घरी होती. इकडचं तिकडचं झालं. तिने नवीन काम सुरू केलंय, शेतावर जाणाऱ्या बायकांच्या शिदोरीवर. पुन्हा नवा आढावा, नवी कार्डं. मला राहवलं नाही. "तुझ्याकडे अजून लागतं का गं, आपोआप?"

पलीकडून आधी नुसत्या कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू आल्या.

"नाही ताई," ती म्हणाली. "बंदच झालं. इकडं आल्यापासून काही नाही."

फोन ठेवला आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चहा केला, गॅलरीत उभी राहून प्यायले. तिच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही, फिटंफाट. गेल्या दोन वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

सलील म्हणतो, दोघींना एकाच कामाचा ताण होता, तुम्ही दोघी स्वतःच कार्डं लावत होतात आणि विसरत होतात. ते फोटोंच्या वेळांशी जुळत नाही, आणि पालथ्या कार्डांचा तर त्यात हिशेबच लागत नाही. दुसरं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, संदर्भासकट.

एकच गोष्ट राहून राहून मनात येते. प्रणाली माझ्यासाठी एकदा सगळ्यांसमोर खोटं बोललेली आहे, आणि तेव्हाही तिने उत्तर द्यायला असाच थोडा वेळ घेतला होता. तिला पुन्हा फोन करून विचारता येईल. अजून केलेला नाही.